शालीवरची चिठ्ठी कशी वाचावी?



आपल्याकडे कुणाचा सत्कार करायचा म्हटले की शाल आणि श्रीफळ ही जोडी ठरलेली. यांपैकी श्रीफळाची पारख आपल्याला आहे. नारळ कानाशी धरून हलवायचा, पाणी वाजते का ऐकायचे, डोळे ओले नाहीत ना ते पाहायचे आणि मगच पैसे मोजायचे. शालीच्या बाबतीत मात्र आपण अगदी भोळे असतो. दुकानदार म्हणेल ती पश्मिना आणि तो सांगेल ती काश्मिरी. हात फिरवला, मऊ लागली, वर एखादी सोनेरी चिठ्ठी लोंबत असली, की आपली खात्री पटते. त्या चिठ्ठीविषयीच आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

हे सांगावेसे वाटण्याला आमच्याच शाळेत घडलेला एक प्रसंग कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. सगळे गाव त्यांना गुरुजीच म्हणते. निरोपाच्या समारंभासाठी मुलांनी दहा-दहा, वीस-वीस रुपये आणले. कुणाच्या आईने मजुरीतून दिले, कुणाच्या आजीने अंडी विकून दिले. आम्ही शिक्षकांनी भर घातली आणि गुरुजींना साधीसुधी नव्हे, खरी पश्मिना शाल द्यायची असे ठरले. खरेदीचे काम माझ्याकडे आले. शहरातल्या एका दुकानातून मी गडद जांभळी शाल आणली. चिठ्ठीवर छापले होते, 'शंभर टक्के शुद्ध पश्मिना', आणि त्याखाली 'पर्यावरणपूरक, प्रमाणित'. प्रमाणित केली ती कुणी, एवढा एक प्रश्न विचारायचे मला सुचले नाही.

महिन्याभराने गुरुजींकडे गेलो. ते हसत म्हणाले, "अहो, शाल झकास आहे, पण पांघरली की मानेला खाज सुटते." आणि त्यांनी आपल्या पांढऱ्या सदऱ्याची कॉलर दाखवली. ती जांभळी झाली होती. आमचे विज्ञानाचे सर बरोबर होते. त्यांनी शालीच्या झालरीतला एक धागा काढून चिमट्यात धरला आणि काडी लावली. धागा आक्रसला, वितळला आणि त्याची टणक गोळी झाली. लोकर कधी अशी वितळत नाही. मुलांच्या पैशांनी मी कृत्रिम धागा विकत आणला होता. ती गोळी मी पुष्कळ दिवस टेबलाच्या खणात ठेवली होती.

आता आधी पश्मिना म्हणजे काय ते पाहू. 'पश्म' हा फारसी शब्द, त्याचा अर्थ लोकर. लडाखच्या पूर्वेला चांगथांग नावाचे पठार आहे. त्याची उंची चार हजार मीटरांच्या वर. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी तिथे पोचणार नाहीत. हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली तीस-तीस अंश उतरतो. अशा ठिकाणी चांगपा नावाचे भटके पशुपालक आपल्या शेळ्या घेऊन फिरतात. त्या शेळीच्या अंगावर दोन थर असतात. वरचे केस लांब आणि राठ. त्यांच्या खाली, थंडीपासून बचाव म्हणून, अतिशय बारीक व मऊ लोकर उगवते. हीच पश्मिना. उन्हाळा लागला की ही लोकर आपोआप सुटू लागते. तेव्हा चांगपा लोक ती कंगव्याने विंचरून काढतात. नीट काळजी घेतली तर शेळीला इजा होत नाही.

ही लोकर किती बारीक असते? मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, तर पश्मिना बारा ते सोळा मायक्रॉनची. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर याच्या कितीतरी पट जाड. म्हणून तर घोंगडी पाऊस अंगावर घेते आणि वर्षानुवर्षे टिकते. घोंगडी आणि पश्मिना ही दोन वेगळ्या कामांची लेकरे आहेत, एक चांगले व दुसरे वाईट असे नव्हे.

एका शेळीपासून वर्षाला पाव किलोच्या आसपास कच्ची लोकर मिळते. राठ केस व कचरा काढून टाकल्यावर त्यातली निम्म्याहून कमीच उरते. साध्या एका शालीला दोन-तीन शेळ्यांची लोकर लागते. ती लडाखमधून काश्मीरच्या खोऱ्यात जाते. तिथल्या बायका ती तांदळाच्या पिठात ठेवून स्वच्छ व मऊ करतात, चरख्यावर सूत काढतात, आणि मग ते सूत हातमागावर चढते. परदेशी व्यापाऱ्यांनी काश्मीरच्या नावावरूनच या लोकरीला 'कॅशमीर' हे नाव दिले. आज मात्र जगातली बहुतेक कॅशमीर लोकर चीन आणि मंगोलिया या दोन देशांत निघते. आपल्या लडाखचा वाटा शंभरात एकसुद्धा भरत नाही. आता तुम्हीच हिशोब करा. इतकी थोडी लोकर आणि इतके हात तिच्यावर राबणारे! मग हमरस्त्यावर पाचशे रुपयांना 'पश्मिना' मिळेल तरी कशी?

यावर कुणी म्हणेल, "ठीक आहे, मग चिठ्ठी बघून घ्यावी." अगदी बरोबर. पण इथेच खरी मेख आहे. चिठ्ठ्या एक नाही, अनेक आहेत, आणि प्रत्येक चिठ्ठी वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. शेतकरी मंडळींना हे चटकन समजेल. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो. त्यावर जात, लॉट नंबर, मुदत हे सारे असते. पण पाऊस पडेल का आणि भाव मिळेल का, हे तो टॅग सांगत नाही. सांगावे अशी आपली अपेक्षाही नसते. शालीच्या चिठ्ठीचे असेच आहे. तिला जो प्रश्न विचारला गेला, तेवढ्याचेच उत्तर ती देते. म्हणून आपल्याला चार प्रश्न वेगवेगळे विचारता आले पाहिजेत. धागा कशाचा? अंगाला सुरक्षित का? जनावराला व कुरणाला कसे वागवले? आणि राबणाऱ्या हातांना काय मिळाले?

पहिला प्रश्न, धागा कशाचा.

शाल अंगठीतून पार गेली की ती पश्मिना, असे सांगणारे विक्रेते पुष्कळ भेटतात. त्यावर विसंबू नका. पातळ रेशमी कापड किंवा व्हिस्कोजची ओढणीसुद्धा अंगठीतून जाते. धागा जाळून पाहण्याची रीत थोडी बरी. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. व्हिस्कोज कागदासारखे भुरकन जळते. पॉलिएस्टर, नायलॉन, अॅक्रिलिक वितळतात आणि त्यांची टणक गोळी होते. पण या रीतीलाही मर्यादा आहे. मेंढीची साधी लोकर आणि पश्मिना या दोहोंचा वास सारखाच. त्यांतला फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे खवले असतात. त्यांची ठेवण आणि तंतूची जाडी पाहून तज्ज्ञ निर्णय देतात.

म्हणून इथे प्रयोगशाळेची चिठ्ठी हवी. 'काश्मीर पश्मिना' या नावाला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ज्याला आपण जीआय म्हणतो. त्याच्या अटी कडक आहेत. लोकर चांगथांगी शेळीची हवी, तंतू सोळा मायक्रॉनपर्यंतचाच हवा, सूत हाताने काढलेले हवे आणि विणकाम हातमागावरचे हवे. श्रीनगरला त्यासाठी तपासणी केंद्र आहे. तपासणीत उतरलेल्या शालीला खास चिठ्ठी लावतात, आणि प्रत्येक चिठ्ठीवर वेगळा क्रमांक असतो. पुढे २०१९ साली भारतीय मानक ब्यूरोने पश्मिना मालाची ओळख, खूण आणि चिठ्ठी कशी असावी याचे मानकही ठरवले. परदेशांतही असे नियम आहेत. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तंतूची सरासरी जाडी एकोणीस मायक्रॉनच्या आत असेल तरच त्याला 'कॅशमीर' म्हणता येते.

याच प्रश्नाशी जोडलेली एक गंभीर गोष्ट आहे. क्वचित एखादा विक्रेता आवाज खाली आणून विचारतो, "साहेब, पश्मिन्याहून बारीक माल आहे, शहतूश, दाखवू?" श्रोतेहो, तिथून सरळ उठून या. शहतूश ही तिबेटच्या पठारावरच्या चिरू नावाच्या रानटी हरणासारख्या प्राण्याची लोकर. तो पाळता येत नाही आणि विंचरता येत नाही. त्याला मारूनच लोकर काढतात. एका शालीसाठी तीन ते पाच चिरूंचा जीव जातो. 'ही लोकर झुडपांना अडकलेली असते, आम्ही ती वेचून आणतो,' ही विक्रेत्यांची जुनी थाप आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात चिरू पहिल्या अनुसूचीत आहे, आणि आंतरराष्ट्रीय करारानुसार १९७९ पासून त्याच्या व्यापाराला बंदी आहे. असा माल घेणारासुद्धा गुन्ह्यात सापडतो.

दुसरा प्रश्न, अंगाला सुरक्षित का.

धागा अस्सल असला म्हणजे शाल निर्धोक असते असे नाही. कापडाला रंग लागतो. रंग पक्का करायला रसायने लागतात. कसर लागू नये म्हणून कीटकनाशक लावतात. सुरकुत्या पडू नयेत म्हणून काही कापडांवर फॉर्मॅल्डिहाइडची प्रक्रिया करतात. अॅझो जातीच्या काही रंगांतून शरीराच्या संपर्काने अशी द्रव्ये सुटतात की त्यांतली काही कर्करोगाला कारण होऊ शकतात. सगळेच अॅझो रंग असे नसतात, पण जे असतात त्यांवर जर्मनीने १९९४ साली बंदी आणली, आणि आपल्या सरकारने १९९७ साली अशा सत्तर रंगांचा वापर बंद केला. पॉलिएस्टरसारख्या धाग्यांना लावले जाणारे काही गडद रंग कच्चे राहिले तर कातडीला खाज आणि पुरळ आणतात. गुरुजींच्या मानेची खाज त्या जांभळ्या रंगानेच सुटली, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण कॉलरवर उतरलेला रंग तर डोळ्यांना दिसत होता.

या प्रश्नाचे उत्तर देणारी चिठ्ठी म्हणजे 'ओएको-टेक्स स्टँडर्ड १००'. ही खूण १९९२ पासून दिली जाते. यात तयार कापड, धागा, गुंडी, अस्तर अशा प्रत्येक भागाची घातक द्रव्यांसाठी तपासणी होते. चार वर्ग आहेत. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांसाठी पहिला वर्ग, आणि त्याचे नियम सर्वांत कडक, कारण लहान मूल कपडा तोंडात घालते. कातडीला लागणाऱ्या कपड्यांचा दुसरा वर्ग. न लागणाऱ्यांचा तिसरा. पडदे वगैरेंचा चौथा. दाखला एक वर्षच चालतो, मग पुन्हा तपासणी.

पण नीट लक्षात घ्या. ही चिठ्ठी कापडात घातक द्रव्य मर्यादेबाहेर नाही, एवढेच सांगते. धागा पश्मिना आहे असे ती सांगत नाही. शुद्ध पॉलिएस्टरच्या शालीलाही ती मिळू शकते, आणि त्यात काही लबाडी नाही. लबाडी होते ती विक्रेता 'ही बघा प्रमाणित पश्मिना' म्हणून ती चिठ्ठी दाखवतो तेव्हा.

घरी करण्याजोगी एक साधी पारखही आहे. पांढरे सुती फडके ओले करून शालीच्या कोपऱ्यावर पाच-दहा वेळा घासा. फडक्यावर रंग उतरला तर ती शाल तान्ह्या बाळाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला लावू नका. रंग उतरला नाही म्हणून सारे ठीक आहे असे मात्र समजू नये. डोळ्याला न दिसणाऱ्या द्रव्यांसाठी प्रयोगशाळाच लागते.

तिसरा प्रश्न जनावराचा आणि कुरणाचा.

यासाठी थोडे मंगोलियात जाऊन येऊ. तिथे १९९० पर्यंत जनावरे सामुदायिक मालकीची होती. ती व्यवस्था मोडली, जनावरे ज्याची त्याची झाली आणि हाताशी रोकड पैसा यावा म्हणून पशुपालकांनी शेळ्या वाढवल्या. १९९० साली तिथे सुमारे पन्नास लाख शेळ्या होत्या. तीस वर्षांच्या आत त्या अडीच कोटींच्या वर गेल्या. शेळी कशी चरते ते तुम्हाला सांगायला नको. गवत ती बुंध्यापर्यंत खाते, आणि तिचे टोकदार खूर जमीन उकरतात. वर हवामान तापू लागलेले, पाऊस लहरी झालेला. कुरणे उघडी पडली. मग कडक हिवाळा आला की उपाशी जनावरे तग धरीत नाहीत. २००९-१० च्या हिवाळ्यात तिथे लक्षावधी जनावरे मेली. आपल्या चांगथांगमध्येही २०१३ च्या बर्फवृष्टीत चारा गाडला गेला आणि हजारो शेळ्या दगावल्या. स्वस्त कॅशमीरचा हव्यास शहरातल्या दुकानात सुरू होतो आणि त्याची किंमत असा एखादा पशुपालक चुकवतो.

या प्रश्नासाठी अलीकडे काही प्रमाणपत्रे निघाली आहेत. मंगोलियातल्या कामासाठी 'सस्टेनेबल फायबर अलायन्स' या संस्थेचे मानक आहे. चीनच्या अंतर्गत मंगोलिया भागासाठी जर्मनीतल्या एका संस्थेचे 'गुड कॅशमीर स्टँडर्ड' आहे. शेळीला चारापाणी, निवारा आणि औषध मिळते का, लोकर काढताना तिला इजा होते का, कुरणावर किती जनावरे चरतात, अशा गोष्टी त्यांत पाहतात. 'गॉट्स' नावाची खूण सेंद्रिय धाग्यांसाठी आहे. तिच्यात निदान सत्तर टक्के धागा सेंद्रिय असावा लागतो, आणि नुसते 'सेंद्रिय' म्हणायचे तर पंचाण्णव टक्के. शिवाय रंग, रसायने, सांडपाणी आणि कामगारांची वागणूक यांचेही नियम तिच्यात आहेत. म्हणजे ती एकाहून अधिक प्रश्नांना उत्तर देते. तरी धागा किती मायक्रॉनचा, हे तीही सांगत नाही.

आणि एक उलटी बाजूही सांगितली पाहिजे. प्रमाणपत्राला पैसे लागतात आणि कागदपत्रे लागतात. चांगथांगच्या पठारावर तंबूत राहणाऱ्या पशुपालकाकडे अशी परदेशी चिठ्ठी नसेल, म्हणून त्याने शेळीचे हाल केले असे होत नाही. चिठ्ठी नसणे म्हणजे गुन्हा नव्हे. चिठ्ठी नसली तर अधिक चौकशी करावी, इतकाच त्याचा अर्थ.

चौथा प्रश्न माणसांचा, आणि मला तो सर्वांत जवळचा वाटतो.

पश्मिना इतकी नाजूक की तिचे सूत यंत्रावर सहजासहजी निघत नाही, तुटते. म्हणून यंत्रवाल्यांनी एक युक्ती काढली. लोकरीत नायलॉन मिसळायचे, यंत्रावर सूत काढायचे, विणायचे आणि मग तेजाबात घालून नायलॉन विरघळवून टाकायचे. उरते ती पश्मिनाच, पण तेजाबाने तिचा कस कमी होतो. आणि काश्मीरच्या खेड्यांत घरकाम सांभाळून चरख्यावर सूत काढणाऱ्या ज्या हजारो बायका होत्या, त्यांच्या हातचे काम जाते. या बायकांची मजुरी सुताच्या गाठींवर मोजतात. तीही पिढ्यान्‌पिढ्या तुटपुंजीच राहिली. कित्येक मुलींनी आईचा चरखा माळ्यावर टाकून दुसरे काम धरले, यात नवल नाही.

जीआयच्या अटींत 'हाताने काढलेले सूत' हे शब्द का घातले, ते आता कळेल. ते नुसते शोभेचे शब्द नाहीत. ती चिठ्ठी मागणारे गिऱ्हाईक असेल तर चरख्याला काम राहील. तरीसुद्धा त्या बाईला गाठीमागे किती पैसे पडले, हे जीआयची चिठ्ठी सांगत नाही. त्यासाठी सहकारी संस्था, न्याय्य व्यापाराची प्रमाणपत्रे, किंवा माल कुणाकडून आला हे उघडपणे सांगणारा विक्रेता शोधावा लागतो. दुकानदाराला सरळ विचारावे, "सूत कुठे निघाले? माग कुणाचा?" ज्याला माहीत आहे तो आनंदाने सांगतो. ज्याला माहीत नाही तो शाल तुमच्या खांद्यावर टाकून आरसा पुढे करतो.

आता चिठ्ठी हातात आली तर ती वाचायची कशी? बियाण्याचा टॅग वाचता तशीच. पहिले, दाखला देणाऱ्या संस्थेचे नाव आहे का? 'प्रमाणित' हा नुसता शब्द म्हणजे सहीशिवायचा धनादेश. दुसरे, क्रमांक आहे का? बऱ्याच संस्थांच्या संकेतस्थळांवर तो क्रमांक टाकून खरे-खोटे पाहता येते. शाळेतल्या संगणकावर किंवा हातातल्या फोनवर हे दोन मिनिटांचे काम आहे. तिसरे, दाखला कुणाच्या नावावर आहे? सूतगिरणीच्या दाखल्यावर भलत्याच दुकानाची शाल खपवलेली नाही ना? चौथे, कोणत्या मालासाठी आहे? पाचवे, मुदत संपली का?

जे घाऊक खरेदी करतात, उदाहरणार्थ एखादी संस्था, पतपेढी किंवा बचत गट, त्यांनी आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. कारखाना लायक आहे असा एक दाखला असतो, आणि हा ठराविक माल त्या नियमांनी तयार झाला असा दुसरा दाखला प्रत्येक खेपेला मिळतो. डेअरीला परवाना आहे ही एक गोष्ट, आणि आज सकाळी घातलेल्या दुधाचे फॅट किती लागले याची पावती ही दुसरी. पहिल्याकडे बोट दाखवून कुणी दुसरीचे पैसे मागू लागला तर तुम्ही द्याल का? मग कापडाच्या बाबतीतच आपण का फसावे?

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. मुलांना घरून कपड्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या आणायला सांगा. फळ्यावर चार रकाने आखा: धागा, सुरक्षितता, जनावर व जमीन, माणसे. प्रत्येक चिठ्ठी कोणत्या रकान्यात बसते ते मुलांनाच ठरवू द्या. बहुतेक चिठ्ठ्यांचे तीन रकाने रिकामे राहतील. ते रिकामे रकानेच खरा धडा आहेत. धागे जाळून दाखवायचे तर ते शिक्षकांनी स्वतः, चिमट्यात धरून, पाण्याची वाटी जवळ ठेवून करावे. मुलांच्या हाती काडेपेटी देऊ नये.

आणि हो, सत्काराला पश्मिनाच हवी असा काही शास्त्रार्थ नाही. पेशवाईत मोठ्या माणसांचा मान शालजोडीने करीत, तेव्हापासून ती प्रथा आपल्यात मुरली आहे, इतकी की टोचणारा पण सभ्य शब्दही आपण शालजोडीतून मारतो! पण मान वस्तूच्या नावात नसतो. खऱ्या मेंढीच्या लोकरीची साधी शाल, हातमागाचे उपरणे किंवा आपल्याच भागातली सुबक घोंगडी, ही खोट्या पश्मिन्याहून शतपटीने चांगली. ती निदान स्वतःच्या नावाने तरी उभी राहते.

शेवटी गुरुजींचे सांगतो. मी त्यांची क्षमा मागितली, दुसरी शाल आणतो म्हणालो. ते म्हणाले, "छे हो, ही शाल मी टाकणार नाही. पोरांचे पैसे आहेत त्यात. फक्त अंगावर घेत नाही. पण एक करा. पुढच्या वेळी पोरांचे पैसे दुकानदाराच्या हातावर ठेवण्याआधी त्याला चार प्रश्न विचारा. आम्ही इतकी वर्षे वर्गात दुसरे काय शिकवले?"

मी त्या दिवसापासून विचारतो. तुम्हीही विचारावे, एवढीच विनंती.